कार्ड क्रमांक ४१२

पाच सेंटला एक पुडी.
आत पाच कार्डं आणि कौलाच्या तुकड्यासारखं
कडक, गुलाबी बबलगम.
त्याची पिठी अजून बोटांना लागते
असं वाटतं मला, एकाहत्तराव्या वर्षी.

टोलेडोतल्या आमच्या गल्लीत
पोरं जीव टाकायची होमरनवाल्यांवर.
माझ्या पुडीत निघायचा डेलबर्ट ओक्सनर.
पुन्हा ओक्सनर.
एका उन्हाळ्यात सहा ओक्सनर!
एकाला मी सायकलच्या आऱ्यांत अडकवलं,
फडफडत आला बिचारा शाळेपर्यंत,
आणि फाटकापाशी त्याचा कान फाटलेला पाहून
काय वाटलं कोण जाणे,
उरलेले पाच बुटाच्या खोक्यात ठेवले.
खोकं अजून तेच आहे.

नऊ हंगाम, सात संघ.
विंचवाचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर,
ह्याचं कार्डाच्या पाठीवर, बारीक टायपात:
क्लीव्हलंड, कॅन्सस सिटी, मग खालच्या लीगमध्ये,
मग वर, मग पुन्हा खाली.
सरासरी दोनशे एकतीस.
होमरन चौदा, अख्ख्या आयुष्यात.
शेजारी एक व्यंगचित्र, हातात पाना घेतलेलं:
‘हिवाळ्यात डेलबर्ट भट्ट्या दुरुस्त करतो.’

एका वर्षी तर छपाईच्या तोंडावरच त्याला विकलं.
कंपनीतल्या कुणीतरी ब्रश घेऊन
टोपीवरचं अक्षर बुजवलं.
ती टोपी कुठल्याच गावाची नाही.
वर्ना म्हणायची,
“ह्याला कुणी ठेवून का घेत नाही गं बाई?”
मी म्हणायचो, “आपण ठेवलाय की.”

सदुसष्टचं ४१२ मात्र मिळेना.
शेवटची मालिका, कमी छापलेली.
शेवटी फोर्ट वेनला, चर्चच्या तळघरात,
एका दमेकरी विक्रेत्याकडे सापडलं,
मधोमध घडी पडलेलं, नऊ डॉलरला.
वर्नाला दाखवायचं राहिलं.

त्यात ओक्सनर हसत होता.
कुंपणाला टेकून, सगळे दात दाखवत.
बाकी कुठल्याच कार्डावर तो हसलेला नाही,
सगळीकडे उन्हात बिल वाचत असल्यासारखा चेहरा.
मी ठरवून टाकलं, त्या साली बरं चाललं असणार.
मागे आकडे काही वेगळंच सांगत होते,
पण आकड्यांचं काय.
फ्रिजवर, चुंबकाखाली लावलं ते.
सकाळी कॉफी ओतताना तेवढंच एक हसू.

मग पत्र लिहिलं. नेब्रास्काला.
सहीसाठी कार्ड आत, तिकीट लावलेला लिफाफा सोबत.
सात आठवडे गेले.
मी पोस्टमनला नावाने ओळखू लागलो.

“मि. झिगलर,
हा मी नाही.
फोटोवाला आला तेव्हा मी दाढ काढायला गेलो होतो.
हा रॉस्को टिंडल, शेजारच्या लॉकरचा.
अकरा दिवस होता वर. बॅट धरायची पाळीच आली नाही.
पुढे ओक्लाहोमात धान्याच्या कोठारावर लागला म्हणतात.
चूक कळली तेव्हा मी कंपनीला कळवलं नाही.
त्याचं कार्ड कधी निघणार नव्हतं,
आणि माझी तर होतीच की.
सही त्याच्या नावाने केली आहे. चालेल ना?
ता.क. फोटो बरा आलाय त्याचा.”

खाली, थरथरत्या हाताने, निळ्या शाईत:
रॉस्को टिंडल.

दुकानदार भिंगातून बघत म्हणाला,
कार्डाचं वाटोळं झालं, मि. झिगलर.
सहीवाला कोण, चेहरा कुणाचा, नाव कुणाचं.
पाच सेंटसुद्धा येणार नाहीत.

म्हणजे मूळ भाव आला.

आता ओक्सनरच्या खोक्यात एक जागा रिकामी आहे
आणि ती भरणार नाही, छापलंच नव्हतं ते कुणी.
आणि टिंडलचा माझा संग्रह पूर्ण आहे.
एक कार्ड.
फ्रिजवर.