सूप

उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो,
अंगठ्याच्या पेरानं शतांश ओळखला,
आणि परवा राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत,
मिक्सर, ब्लेंडर, हँड ब्लेंडरच्या खोक्यांपुढं
पहिल्या दिवसाच्या हेल्परसारखा थांबलो.

काउंटरवर मुलगी. खिशावर पट्टी : अफसाना मुजावर.
"काय करायचं त्यात, काका?"
"सूप," म्हटलं,
आणि शब्द मलाच परका वाटला.

आमच्यात सूप म्हणजे बांबूचं,
खिळ्याला टांगलेलं, कडेला शेण लिंपलेलं.
शालन त्यात जोंधळा पाखडायची
आणि खडा नेमका माझ्या ताटाकडं उडायचा.
वाटीतलं सूप बघितलं ते लग्नात,
पंगती जाऊन बुफे आला त्यानंतर.
ते गरम पाणी म्हणून मी हात धुवायला निघालो होतो,
हे ती अजून पाव्हण्यांना सांगते.

सांगायची.
कावळा नाक्यावर वाळूत गाडी घसरली,
तिचा जबडा आता तारेनं बांधलाय.
डॉक्टर म्हणाले सहा आठवडे पातळच,
दाताच्या फटीतून जाईल इतकं पातळ.
"पांढरा रस्सा?" मी विचारलं.
ते हसले नाहीत.

अफसाना वॅट सांगत होती.
म्हटलं, वॅट राहू दे बाळ, बुश दाखव.
शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला,
केसभर खेळ. ठेवला बाजूला.
दुसऱ्याचं कपलिंग रबरी,
उन्हाळ्यात तडकणार.
तिसरा हजार वॅटचा, उंच जारचा,
दिसायला एकदम पैलवान.
पण उकळतं आत ओतून वर झाकण दाबलं
तर वाफेनं जायचं कुठं?
बॉयलरशेजारी डबा खाल्लेल्या माणसाला
हे कुणी शिकवावं लागत नाही.

मग तिनं खालच्या फळीवरून एक काढला,
हातात धरायचा, काठीएवढा.
"पातेल्यातच घाला, काका, गॅस बंद करून.
आमच्या नानीला दात नव्हते तेव्हा हाच होता.
पाय स्टीलचाच बघा,
प्लास्टिकला हळदीचा डाग बसतो."
दोन हजार तीनशे चाळीस.
बिलावर तिनं दुकानाच्या नंबराखाली
पेननं लिहिलं : दुधी सोलून घ्या.

घरी आलो. चटणीची बरणी
तिला दिसू नये म्हणून डाळीच्या डब्यामागं सरकवली.
भोपळा, गाजर, मूठभर मूगडाळ, लसणाची एक पाकळी.
पहिल्या फेरीला पाता वर उचलला
आणि ओट्यापासून कॅलेंडरपर्यंत सगळं पिवळं.
एकादशीचा चौकोन अजून तसाच आहे.
दुसऱ्या फेरीला शिकलो,
आधी बुडवायचा, मग बटण.
चहाच्या गाळणीतून तीनदा गाळलं.
एक कण राहिला नाही. राहूच दिला नाही.

त्या रात्री दीडला आवाज आला.
टप टप टप. थांबून परत टप.
बघतो तर खिळ्यावरचं सूप तिच्या मांडीवर
आणि ती बोटांनी त्यावर वाजवतीय.
सूप वाजलं म्हणजे संपलं,
सभा असो, जत्रा असो, जन्मभर हेच म्हणत आलो.
माझ्या पायातलं बळ गेलं.
तिला फक्त पाणी हवं होतं.
हाक मारायला तोंड नव्हतं, म्हणून.

तेव्हापासून घरात दिवसातून दहादा सूप वाजतं.
मी कुठंही असलो तरी येतो,
हातातला ब्लेंडर टपकत असला तरी.

बत्तीस दिवस झाले.
दुधीचं जमतं, टोमॅटोचं बरं,
पालकाचं तिनं नुसत्या भुवयांनी नापास केलं.
मीठ हातावर घेऊन चाखतो,
पूर्वी कूलंटचा थेंब घ्यायचो तसा
दोन बोटांत घेऊन घासून बघतो :
गुळगुळीत. कुठं खरखर नाही.
असा फिनिश मी कुठल्या जॉबला दिला नव्हता.

काल वाटी रिकामी करून तिनं पाटी ओढली.
वाटलं, आज तरी काही चांगलं लिहील.
लिहिलं :
तार सुटल्यावर एवढं बारीक करू नका.
काहीतरी दाताखाली येऊ दे.
आणि खाली, रेघ ओढून :
चटणी कुठाय ते ठाऊक आहे मला.