किमान आकार

संचारबंदी दोन तास उठली तेव्हा
आम्ही ताडबंदर आळीत शिरलो:
मी, कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठा,
दोन बिगारी, एक हवालदार,
आणि एकाहत्तर सालचा नकाशा,
ज्यात आळीला अजून नाव नव्हतं,
नुसती एक तुटक निळी रेघ
ठाण्याच्या खाडीकडे गेलेली.

नऊ दिवस नळ कोरडे.
वीज सातव्या दिवशी आली होती.
डीपीची काळी पेटी बदलून वायरमन निघून गेले,
आणि दिवे लागल्यावर जे दिसलं
ते पाहून बायकांनी ते पुन्हा मालवले.

पाण्याचं तसं नसतं.
वीज वरून येते, खांबावरून, सगळ्यांच्या देखत.
पाणी खालून येतं,
आधी त्यांच्याकडून, मग आपल्याकडे,
किंवा आधी आपल्याकडून, मग त्यांच्याकडे.
त्यात काय मिसळलंय याच्या गोष्टी
पाणी यायच्या आधीच
दोन्ही अंगांना तयार होत्या.

व्हॉल्व्ह सापडेना.
राडारोडा, त्यावर जळका टेम्पो, टेम्पोत विटा.
नकाशा म्हणे इथं, जमीन म्हणे नाही.
शेवटी एक बिगारी खाली बघत म्हणाला,
"बुबेरेचाचांना ठाऊक असणार."

याकूब बुबेरे, चावीवाले, बत्तीस वर्षं नोकरी.
शाळेतल्या छावणीत, तिसरीच्या वर्गात,
बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले.
हवालदाराला पाहून उठले नाहीत.
मग माझ्या हातातली चावी पाहिली,
खांद्याइतकी उंच, लोखंडी,
आणि चपला शोधू लागले.

आळीत ते कुठंही थांबले नाहीत.
उजवीकडे एका जागी फक्त
पाऊल जरा लांब टाकलं, उंबरा चुकवावा तसं.
तिथं उंबरा नव्हता.
कुणाचा होता ते मला नंतर कळलं.

सळईचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला.
"गप ऱ्हवा जरा."
हवालदारानं वॉकीटॉकी बंद केला.
खिडक्यांच्या फटींतून बघणारेही गप्प.
"हाय. टेमघरचा पानी हाय. दाबून बसलाय."
चार पावलं मागे येऊन टाचेनं खूण केली.
"खना."

बेचाळीस फेरे.
ते त्यांनी मोठ्यानं मोजले, तिसाला दम खाल्ला.
आधी हवा आली, नळ शिंकल्यासारखे,
मग तांबूस, मग गढूळ, मग पाणी.
दोन्हीकडे.
पाइप एकच आहे, त्याला दुसरं काही येत नाही.

मी क्लोरीन तपासायची नळी उजेडात धरली.
दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं.
गच्चीवरून बाई ओरडली,
"बघा, पिवळं! मी म्हणत नव्हते?"
तिला समजावण्यात अर्धा तास गेला.
चाचा चावीवर रेलून हसले.
त्या दिवसातलं तेवढंच.

तीन महिन्यांनी संगणकानं
नेहमीसारखी पाणीपट्टीची बिलं काढली,
जळलेल्या एकेचाळीस घरांनाही.
पेपरात आलं, साहेब तापले,
खुलासा माझ्याकडे मागितला.
मी तो लिहीत होते
तेव्हा खिडकी क्रमांक तीनवर बुबेरे उभे.

घर नाही. नळ नाही.
तोटीसुद्धा कुणीतरी पिळून नेलेली.
वापर शून्य, किमान आकार एकशे तीस रुपये.

"चाचा, हे रद्द होतं. अर्ज द्या, मी शेरा मारते."
"रद्द नको."
त्यांनी बिल तळव्यानं सपाट केलं,
बोट ठेवलं:
याकूब अ. बुबेरे, घर क्रमांक अकरा, ताडबंदर आळी.
"इतकां लिवलेला ऱ्हवू दे."

दीडशे दिले. कॅशियरकडे सुटे नव्हते.
वीस रुपये, म्हणाले,
पुढच्या बिलात वळते करा.