माप एकाचंच

आईचं नाव अ‍ॅग्नेस. तेच उलटं लिहिलं की सेंगा.
पेझलीत अशी नावं ठेवत एके काळी,
मोजा उलटा करावा, तशी.
ती दोऱ्याच्या गिरणीत रिळं भरायची.
मी कार्ट नदीपलीकडे, विमानतळाच्या कुंपणाला लागून,
माणसाच्या आत घालायचं कापड शिवते.

गावच्या संग्रहालयात जुन्या शाली आहेत,
कोयऱ्याच कोयऱ्या, काठ भरून.
माझ्या कापडावर काही नाही.
कुणाच्या नजरेला पडायचंच नाही,
त्याला नक्षी कशाला.

कापड म्हणजे नळी. पांढरी, पॉलिएस्टरची,
मागावरूनच गोल उतरते, बिनशिवणीची.
उभे-आडवे धागे इतके गच्च
की रक्तानं दारातच थबकावं,
आणि इतकी पातळ की घडी करून
मांडीतल्या शिरेतून वर छातीपर्यंत जावी.
तिला मी कड्या शिवते.
तार अशी, की ऊब लागली
की तिला आपला आकार आठवतो.
भिंगाखाली एक टाका, दोन गाठी.
एक टाका, दोन गाठी.
चार वाजता बाहेर अंधार होतो, नोव्हेंबर आहे,
आम्हाला कळतही नाही.

बहुतेक नळ्या ठरावीक मापाच्या. काही एकाच माणसाच्या.
त्याचं स्कॅन येतं, त्यावरून नकाशा,
नकाशावरून कापडाला खिडक्या:
दोन किडन्यांच्या, एक आतड्याची.
खिडकी चुकली तर किडनी उपाशी.
४४१७. पुरुष. वय एकाहत्तर.
एवढंच कागदावर.
पण मला ठाऊक होतं, त्याची महाधमनी
बेंबीच्या वर डावीकडे कलते,
अन् डावी खिडकी उजवीपेक्षा
चौदा मिलिमीटर खाली.
बायकोलासुद्धा ठाऊक नसेल.
मनातल्या मनात मी त्याला नाव दिलं नाही.
नाव दिलं की हात हलतो.

अकराव्या दिवशी इशबेल आली,
टेबलाच्या कडेवर दोन बोटं टेकवून उभी राहिली.
'थांब सेंगा. रद्द झाली ऑर्डर.'
कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
फुगत चाललेली शीर
शिवणाऱ्या बाईसाठी थांबत नसते.

डाव्या खिडकीचे तेवीस टाके उरले होते.
ते मी घातले.
इशबेलनं पाहिलं, आणि
किटली लावायला निघून गेली.

मग नळी खणात पडून राहिली.
कुणाला देणार?
सख्ख्या भावालाही बसली नसती.
स्वच्छ, मजबूत, सगळ्या तपासण्या झालेली,
जगात एकाच मापाची
आणि ते माप मातीत.

जानेवारीत जोविता आली, ग्दिनियाहून,
बावीस वर्षांची, नखं कापून, केस टोपीत कोंबून.
हात बसवायला कापड हवं होतं.
मी खण उघडला.
'हे उसव,' म्हटलं. 'मग पुन्हा शीव.'
तिनं भिंगाखाली धरलं, बराच वेळ.
'पण हे टाके तर चांगले आहेत.'
'उसव म्हटलं ना.'

दिवसभर कात्रीचं टोक वाजत राहिलं.
धागा निघाला की वीण सरकते,
छिद्र बुजवू बघते. बुजतं, बहुतेक.
डोक्यावरून विमानं उतरत होती,
दर विमानाला काच थरथरायची
आणि ती पोर, शहाणी,
तेवढ्यापुरती सुई वर धरायची.

सुटायच्या वेळी तिनं नळी उजेडाकडे केली,
एक डोळा मिटून, पलीकडे पाहिलं.
'डावी खिडकी जरा खाली आहे,' म्हणाली.
'चूक झालीय का?'

'नाही,' मी म्हटलं.
'त्याची तशीच होती.'