मधला कोन

कुताइसीच्या रात्रशाळेत हीटर एकच, तोही मागच्या भिंतीला.
म्हणून सगळे मागे दाटीवाटीनं बसतात
आणि मी फळ्यापाशी, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

आज दोन रेषा. एकमेकींना छेदणाऱ्या.
चार कोन झाले. म्हटलं, यातले विरुद्ध कोन
समान असतात. का?

नाझीब्रोला उठली. शिंपीण. वय त्रेपन्न.
पिशवीतून कात्री काढून तिनं हवेत उघडली.
"इकडं मुठी जेवढ्या फाकतात
तेवढीच तिकडं पाती.
तीस वर्षं कापड बेततेय, मास्तर,
एकदाही वेगळं झालं नाही."

बसवाल्या ओतियानं टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, हे दिसणं झालं. आता सिद्ध करा.
ती माझ्याकडं अशी बघत राहिली
जणू मी तिच्या माहेराबद्दल काही बोललो.

तर लिहा. पक्ष. साध्य. सिद्धता.
पहिला आणि दुसरा रेषीय जोडीतले,
एकाच सरळ रेषेवर शेजार करून बसलेले: एकशे ऐंशी.
दुसरा आणि तिसरा, त्या तिरक्या रेषेवर: तेही एकशे ऐंशी.
दोन्हीकडून दुसरा वजा करा.
उरला पहिला. उरला तिसरा.
समान.

खडू ठेवला. हात झटकले.

"आणि दुसरा?"
दुसऱ्याचं काय?
"ज्याच्यामुळं हे दोघं सारखे ठरले, तो.
शेवटच्या ओळीत त्याचं नावच नाही."
नसतं, म्हटलं. तो दोन्हीकडं असतो ना,
म्हणून तर जातो.

ती बसली. बराच वेळ वहीत काही उमटलं नाही.

जिना उतरताना ओतिया म्हणाला,
हिचा नवरा आणि हिचा भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते.
द्राक्षाच्या एका वेलीवरून. किंवा वेलीखालच्या कुंपणावरून,
नक्की कुणालाच आठवत नाही.
हा बोलायचा ते ही तिकडं न्यायची, थोडं खुडून;
तो बोलायचा ते इकडं आणायची, थोडी भर घालून.
बेरीज कधी चुकू दिली नाही.
गेल्या शरदात दोघं एका टेबलाशी बसले,
एकमेकांच्या नावानं प्याले उचलले.
तेव्हा ही आत लोबियानी भाजत होती.
कुणी हाक मारली नाही. मुद्दाम नव्हे. राहून गेलं.

गुरुवारी समांतर रेषा आणि छेदिका.
संगत कोन, व्युत्क्रम कोन. गृहपाठ:
गावात कुठंही शोधा, मोजून आणा.

नाझीब्रोला कोनमापक आणि शिंप्याचा निळा खडू घेऊन
रिओनीच्या पुलावर गेली.
दोन काठ समांतर, पूल छेदिका.
या काठाला एकसष्ट अंश, त्या काठाला व्युत्क्रम अठ्ठावन्न.
"प्रमेय खोटं आहे."
प्रमेय खरं आहे. नदी वळलीय.
पक्षात लिहिलंय बघा: जर रेषा समांतर असतील, तर.
"म्हणजे सगळा अंगरखा
त्या एका 'जर'च्या टाक्यावर."
हो.
"मग हे काठ भेटतील का कुठं?"
असेच सरळ गेले, तर भेटतील.
"कुठल्या अंगाला?"

मी आकृती काढली. आंतरकोन मांडले.
एका बाजूला एकशे त्र्याऐंशी, दुसरीला एकशे सत्त्याहत्तर.
जिकडं बेरीज कमी पडते, तिकडं.

ती हसली. पहिल्यांदाच. का, ते मी विचारलं नाही.

परीक्षेत विरुद्ध कोनांचं प्रमेय तिनं चोख सोडवलं.
'सिद्ध झाले' लिहून खाली रेघ मारली,
आणि रेघेखाली, निळ्या खडूनं, आणखी एक ओळ:
दुसरा कोन म्हणजे एकशे ऐंशी वजा पहिला.
तो इथेच आहे.

बरोबर. अनावश्यक. याला गुण नसतात.

निकालपत्रक तपासताना मुख्याध्यापिका लामझिरा
चष्मा वर करून विचारत होत्या,
मास्तर, हा अर्धा गुण कुठून आला?