साबणाच्या वडीएवढा

बावीस वर्षं मी लग्नं काढली.
गळ्यात दीड किलोचं धूड, खांद्याला फ्लॅशची पिशवी,
तोंडात एकच वाक्य:
मान जरा वर, आणि थोडं हसा.
आता हा.
भाच्यानं कंटाळून दिलेला, साबणाच्या वडीएवढा.
शर्टाच्या खिशात टाकला तर लोकांना वाटतं
पानाचा डबा असेल.

पहिल्या दिवशी लाजच वाटली.
डोळ्याला लावायला भोक नाही,
हात लांब करून धरायचा, आरतीच्या ताटासारखा,
आणि ऊन पडलं की पडद्यावर
दिसतो फक्त माझाच चष्मा.
मेन्यूत ढीगभर भाषा. दोनदा तळापर्यंत जाऊन आलो,
ना मराठी, ना कन्नड.
बरं झालं म्हटलं, भांडण नको.
इंग्रजीवर ठेवला.

झूम नाही. भिंग जागचं हलत नाही,
तेव्हा हलायचं मी.
खडे बाजारात सुऱ्यांना धार लावणाऱ्या मकतुमसाबच्या
इतक्या जवळ गेलो की ठिणगी बाहीवर आली.
त्यानं वर बघितलंही नाही.
मोठा कॅमेरा दिसता तर हाच माणूस
टोपी सारखी करून, चाक थांबवून, ताठ बसला असता.
थांबलेल्या चाकाचा फोटो घेऊन मी काय करू?

खट्ट होत नाही, याची मात्र सवय होईना.
बटण दाबतो, काही घडल्यासारखं वाटत नाही,
म्हणून पुन्हा दाबतो.
घरी येऊन बघतो तर एकाच बकरीचे अकरा फोटो.
आणि पाट्यांचं तर विचारू नका.
माणूस समोरून चाललाय, आणि हा पठ्ठ्या
मागच्या अक्षरांवर नजर ठरवतो:
वर कन्नड, खाली मराठी, रंग उडालेला,
सगळं सुईसारखं टोकदार,
आणि माणूस म्हणजे धूर.

गणपत गल्लीच्या तोंडाशी
कडोलीची मल्लवा मेथी घेऊन बसते.
मंगळवारी तिला काढलं. तिला कळलं.
"काय काढलास रे? दाव बघू."
बायका स्वतःचा फोटो कसा बघतात ते मला पाठ आहे:
आधी केस, मग हनुवटी, मग "शी".
हिनं स्वतःकडं बघितलंच नाही.
ओलं बोट थेट कोपऱ्यात नेलं, रस्त्यापलीकडं,
आईस्क्रीमच्या दुकानाच्या पायरीवर.
"आमची सून की रे ही!
बँकेत जाऊन येतो म्हटल्या मला."

मी मान वर केली. पायरी रिकामी.
पडद्यावर मात्र होती, नखाएवढी.
उंच काचेचा पेला, लांब दांड्याचा चमचा,
एकटीच, कशाला तरी हसत.
हिरवा चौकोन नेमका तिच्यावर बसलेला.
पुढं निम्मी फ्रेम भरून मल्लवा,
ती धूर.

पुसू का, मी विचारलं.
ती मेथीवर पाणी मारत राहिली.
एक गिऱ्हाईक आलं,
कन्नडातून दोन रुपयांवर अडून बसलं, शेवटी घेऊन गेलं.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.
"दात बघ कसं सरळ हाईत.
चार वर्षं झाली घरात येऊन. मी बघितलो नव्हतो."
मग जुडी माझ्या हातात कोंबत,
"तिला सांगू नको.
आणि मला एक कागदावर काढून दे.
ल्हान. बटव्यात मावंल असला."

मारुती गल्लीपर्यंत येतो तर बॅटरी गेली.
हात उगाच गळ्याशी गेला. पट्टा नव्हता.

माझ्याकडं बारा बाय छत्तीसचे अल्बम आहेत,
बटव्याचं माप नाही.
घरी बायकोचा बटवा मागून घेतला, पट्टीनं मोजला.
ती म्हणाली, आता हे काय नवीन?
काही नाही, म्हटलं.
धूर झालेली मल्लवा ठेवायची की कापायची,
ते तिला विचारायचं राहून गेलं.