झाड लिहिलं होतं

शिरे नदीच्या पलीकडे सरकारी नकाशा
पांढराफटक होता.
एनिफा मास्तरीण कोरडा हंगामभर त्या पांढऱ्यात चालली,
हातात फोन, मागे सहावीची पोरं:
ही पायवाट, हा हातपंप, ही चर्चची पडकी भिंत.
रात्री कुणी अनोळखी, दूर बर्फाच्या गावात,
उपग्रहाच्या चित्रावर याच छपरांच्या कडा गिरवत बसे.
फुकट. तीही फुकटच.

नासिबेको म्हातारी म्हणाली, "माझं घर नको लिहू.
लिहिलं की कर मागणारा येतो."
एनिफाने नाही लिहिलं.
दारचा आंबा तेवढा टिपला,
एक हिरवा ठिपका.

मार्चमध्ये चक्रीवादळ आलं, आणि
तीन दिवस नदी कुठे संपते तेच कळेना.
होडीवाल्या लिकागवाकडे दुपारपुरतं डिझेल, आणि तो नकाशा.
पाण्याखालचं गाव त्यात कोरडं होतं:
इथे शाळा. इथे हातपंप, इंजिन वर घे.
पुढे घर असं एकही नव्हतं.
"झाडासाठी डिझेल जाळू?"
एनिफा बोलली नाही. ठिपक्यावर बोट ठेवून राहिली.

फांदीवर म्हातारी, कुशीत कोंबडी.
"लिहू नको म्हटलं होतं ना?"
"घर नाही लिहिलं, आजी. झाड लिहिलं."

आठवड्याने छावणीत ती आपणहून आली.
"आता लिही," म्हणाली. "घर."
एनिफाने फोन उघडला, चिन्हं चाळली,
वर, खाली, पुन्हा वर.
'होतं' यासाठी
चिन्ह नव्हतं.