प्रतींची संख्या

आचारसंहिता लागली त्या संध्याकाळी
पाणीपट्टीच्या टेबलावरून मला उचललं
आणि विटा शहर, पथक क्रमांक तीनमध्ये टाकलं.
सोबत दुबुले हवालदार, कॅमेऱ्याला निजाम शिकलगार,
एक शिडी, मोजपट्टी, खळीचा डबा
आणि जीप, जिचं दार आतून उघडत नाही.

पहिल्या दिवशी कोनशिला झाकल्या.
मुतारीची, बागेची, न झालेल्या नाट्यगृहाची.
खळ लावायची, वर पेपर चिकटवायचा, एवढंच.
नाट्यगृहाच्या दगडावरचं साहेबांचं नाव झाकून
मागं सरकून बघतो तर
पेपरात साहेबच. हात जोडलेले, चार कॉलमी.
दुबुले म्हणाले, उलटा लावा.
उलटा लावला.
मागच्या बाजूला साहेबांचा वाढदिवस.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरची चहाची टपरी.
कुणा अपक्षाला कपबशी मिळाली होती,
म्हणून पत्र्यावर रंगवलेल्या कपबशीवर
गोणपाट बांधलं.
टपरीवाला काही बोलला नाही. चहा दिला,
खऱ्या कपबशीतून.
निजामनं तेवढं शूटिंग थांबवलं.

परवानगीचे फ्लेक्स चौकात उभे होते,
वीस बाय दहा, पैसे भरलेले,
खाली मुंगीएवढ्या अक्षरात
छापणाऱ्याचं नाव, प्रतींची संख्या.
त्यांना हात लावायचा नव्हता.
खालून नुसते दात मोजता येत होते.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली, मागवाल्यांच्या गल्लीतून.
तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचं,
माग कुणासाठी थांबत नाहीत.
महानंदा चोथे यांच्या चौकटीला, खिळ्यावर,
दीड वार कोरं कापड. त्यावर निळीनं:
गटार उघडं, तोंड बंद.
उलटं करा.

पक्ष कुठला? मी विचारलं.
काय?
पक्ष! कुठला पक्ष!
डासांच्या विरोधातला, ती म्हणाली.

मी नियम वाचला, ओरडून.
छापणाऱ्याचं नाव नाही.
प्रतींची संख्या नाही.
घरमालकाची संमती नाही.
तिनं हातातली कांडी खाली ठेवली,
आत जाऊन निळीची वाटी आणली
आणि कापडाच्या खालच्या काठाला
माझ्यादेखत बोटानं लिहिलं:
छापणार मी. प्रती एक. घर माझं.

हे नियमात बसत होतं की नव्हतं
मला आजही सांगता येणार नाही.
वरून फोन आला, काढा.
शिडी लागली नाही, खिळा हातालाच होता.
तिनंच घडी घालून दिली,
ओल्या अक्षरांवर कागद ठेवून,
नीळ फिसकटू नये म्हणून.

पंचनाम्यात मजकूर जसाच्या तसा घ्यावा लागतो.
आवाजात मला ऐकू येईना,
म्हणून दुबुले एकेक शब्द खणखणीत सांगत गेले,
परेडला सांगतात तसे.
गटार! उघडं! तोंड!
गल्ली दारात आली.
कुणीतरी एक माग बंद केला, मग शेजारच्यानं,
आणि त्या अवघडलेल्या शांततेत
हवालदारांचा एकट्याचा आवाज राहिला:
उलटं! करा!
पंच दोन लागतात. सह्यांना सात जण आले.

कार्बन घालून प्रती चार.
एक ठाण्याला, एक तहसीलला,
एक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना,
एक तिला, पोच म्हणून.
तिनं पोच सावकाश वाचली. आपलं वाक्य वाचलं.
शिक्क्यावरून अंगठा फिरवला
आणि कागद खिळ्याला अडकवला, त्याच.

जीप मागं घेताना डावं चाक गटारात गेलं.
दार आतून उघडत नाही, आम्ही तसेच बसून.
मागून गल्लीनं ढकलायला सुरुवात केली,
महानंदाबाईही होत्या, हात निळे.
निजाम हळूच म्हणाला,
साहेब, खिळ्यावरचं तेपण काढायचं का?
दुबुले म्हणाले,
आधी बाहेर तर निघू.